बागेला पाणी दिले का?

आमच्या घरी संध्याकाळचे साडेपाच वाजले, हे पाहण्यासाठी घड्याळाची गरज पडत नाही. दादा खुर्चीवरून उठतात, दाराशी जातात, पायांत वहाणा सरकवू पाहतात आणि विचारतात, "बागेला पाणी दिलं का?"

दादा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ८४. गेली चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. नातवंडांची नावे ते विसरतात, जेवण झाल्याचे विसरतात, आमची आई निवर्तली हेही कित्येकदा विसरतात. हा प्रश्न मात्र ते विसरत नाहीत. अडचण एवढीच की, ज्या बागेविषयी ते विचारतात ती बाग २०१३ सालापासून अस्तित्वात नाही. आणि ती तोडणारा मीच आहे.

आमच्या जालना जिल्ह्यात 'बाग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शहरातील माणूस बागेत जातो तो फिरायला. खेड्यातील माणूस बागेत जातो तो कामाला. त्याची बाग म्हणजे मोसंबीची. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांत मोसंबी हे नुसते पीक नाही, ते घराच्या प्रतिष्ठेचे माप आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. दादांनी अंबड तालुक्यातील आमच्या दोन एकरांत १९९४ च्या पावसाळ्यात मोसंबीची कलमे लावली. अठरा-अठरा फुटांवर एक, अशी सव्वादोनशे झाडे. पाच वर्षे त्यांनी फळाची वाट पाहिली. माझ्या बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, आईचे ऑपरेशन हे सारे त्या झाडांनी केले.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला. जानेवारीत विहिरीचा तळ दिसला. मार्चपर्यंत आम्ही टँकरने पाणी आणून झाडांच्या आळ्यांत ओतले. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात असंख्य शेतकऱ्यांनी हेच केले आणि असंख्य शेतकऱ्यांना हरावेही लागले. एप्रिलमध्ये दादा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बहिणीकडे गेले होते. पाने गळून गेलेली, फांद्या वाळत चाललेली झाडे आणि टँकरची थकलेली बिले माझ्यासमोर होती. मी तेव्हा जालन्यात बँकेत नोकरीला होतो. हिशेब मला कळत होता. मी माणसे लावली आणि पाच दिवसांत बाग तोडून टाकली. दादा परतले, बांधावर बराच वेळ बसून राहिले, आणि घरी येऊन जेवले. त्या विषयावर ते माझ्याशी पुढे कधीही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

न बोललेल्या गोष्टी आजारपणात वर येतात, असे आता वाटते.

प्रथम प्रथम त्यांच्या प्रश्नाला मी "हो, दिलं" असे म्हणत असे. पण खोटे बोलण्याचा माझा मलाच वीट येऊ लागला. एका संध्याकाळी त्यांनी पाचव्यांदा विचारले तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडलो, "दादा, बाग राहिली नाही. तोडली. मी तोडली!" ते माझ्याकडे पाहत राहिले आणि लहान मुलासारखे रडू लागले. ती बातमी त्यांनी जणू त्याच क्षणी प्रथम ऐकली होती. माझ्या पत्नीने त्यांना जवळ घेऊन शांत केले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते पुन्हा दाराशी उभे होते. "बागेला पाणी दिलं का?" माझे सत्य त्यांच्या स्मरणात उरले नव्हते, उरला होता तो फक्त माझ्याविषयीचा किंचित धाक. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला नाही.

आमच्या डॉक्टरांना मी हे सारे सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढणे नेहमीचे आहे. प्रसंग विसरला जातो, पण त्या प्रसंगाने मनात उठलेली भावना मागे रेंगाळते. म्हणून आठवण दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. तिच्यामागची इच्छा ओळखावी. "तुमचे वडील माहिती विचारत नाहीत. आपल्यावर सोपवलेले काम राहून गेले, ही हुरहूर ते सांगत आहेत. त्यांना बागेत न्या," असे ते म्हणाले. "कोणत्या?" मी विचारले. "मिळेल त्या," ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या बागांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

पहिली फेरी अर्थात मोतीबागेची. जालन्याचा मोती तलाव जमशेदखानाने बांधल्याचे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. या तलावाचे पाणी जमिनीखालून नळांनी गावातील हौदांत खेळवलेले होते, असेही त्यात लिहिलेले आढळते. या तलावाच्या काठची मोतीबाग जालनेकरांच्या तीन-चार पिढ्यांनी पाहिली आहे. सकाळच्या वेळी तेथे माझ्या वयाची आणि दादांच्या वयाचीही मंडळी भेटतात. दादा एका बाकावर बसले, पाण्याकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "तळ्यात पाणी आहे." मग हिरवळीकडे बोट करून त्यांनी विचारले, "हे एवढं रान पडीक का ठेवलं?" मला हसू आले आणि बरेही वाटले. कित्येक महिन्यांनी त्यांनी एखाद्या गोष्टीबद्दल मत दिले होते.

दुसऱ्या फेरीत मात्र फजिती झाली. मोतीबाग दूर पडते म्हणून एके दिवशी मी त्यांना घराजवळच्या एका लहानशा उद्यानात नेले. पायवाटेवरचा एक सिमेंटचा ठोकळा वर आलेला होता. दादांच्या पायांत सैल चपला होत्या, आणि माझे लक्ष ओळखीच्या गृहस्थांशी चाललेल्या बोलण्यात. दादा पडले. सुदैवाने गुडघा व तळहात खरचटण्यावर निभावले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो, हे मी आईच्या बाबतीत पाहिले होते. पत्नी म्हणाली, "आता नेऊच नका बाहेर." घरात ठेवले तर पडण्याचा धोका कमी, हे खरे, पण घरात बसून पाय दुबळे होतात आणि दुबळे पायच पुढे घात करतात, हेही तितकेच खरे. आम्ही मधला मार्ग स्वीकारला. मागून पट्टा असलेले, न घसरणारे बूट घेतले. काठीची उंची मनगटाशी जुळवून घेतली. आणि चालताना मी बोलायचे ते फक्त दादांशी, असा नियम केला.

फेब्रुवारीत मी त्यांना मोसंबीच्या बागेत नेले. आमच्या गावाच्या शिवेवर एका शेतकऱ्याची सहा वर्षांची बाग आहे. त्याचे वडील दादांचे सोबती. मी त्याला आधी फोन करून सारी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "काका, विचारता काय? दादांनीच आम्हाला डोळा भरायला शिकवलं. घेऊन या."

तो आंबिया बहाराचा काळ होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोसंबीला वर्षातून एकदा मुद्दाम तहानेले ठेवतात; त्याला 'ताण देणे' म्हणतात. डिसेंबरात पाणी तोडायचे, जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना थांबायचे, काही पाने पिवळी पडून गळू लागली की मग खते देऊन पाणी सोडायचे. त्यानंतर झाड पांढऱ्या फुलांनी बहरते. त्या फुलांचा वास बांधावरूनच येतो. हा वास आला की दादांना सारे आठवेल, असा माझा कयास होता. मी एक फुलांची डहाळी त्यांच्या नाकाशी धरली आणि उत्सुकतेने विचारले, "दादा, काही आठवतंय?" त्यांचा चेहरा कोराच राहिला. उलट परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे ते ओशाळले. पुढे डॉक्टरांकडून कळले की, या आजारात वास घेण्याची शक्ती अनेकदा बरीच आधी मंदावते. आणि 'आठवतंय का?' हा प्रश्न तर अशा माणसाला कधीच विचारू नये.

मी निराश होऊन मालकाशी पाण्यापावसाचे बोलत उभा राहिलो. एक डोळा मात्र दादांवर होता. ते एका झाडाखाली वाकले होते. डाव्या हाताने त्यांनी बुंधा धरला आणि उजव्या हाताने खोडावर सरळसोट वाढलेले दोन कोवळे फुटवे झटक्यात मोडून काढले. यांना पानसोट म्हणतात. ते फळ देत नाहीत, फक्त झाडाचा जीवनरस खातात. दादांनी पुढच्या झाडाचेही पानसोट काढले. मग बुंध्यावर ओघळलेल्या डिंकाकडे पाहून ते मालकाला म्हणाले, "बोर्डो पेस्ट लावली नाहीस? पावसाळ्याआधी लाव." स्वर पूर्वीचा होता, हुकमतीचा. ज्या माणसाला सदऱ्याची बटणे लावण्यास मदत लागते, त्या माणसाच्या हातांनी तीस वर्षांचे काम जसेच्या तसे सांभाळून ठेवले होते. डोक्याची आठवण आणि हाताची आठवण या वेगळ्या असतात, असे डॉक्टर सांगतात; मी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी साडेपाचला दादा खुर्चीतच डुलकी घेत होते. त्या दिवशी प्रश्न आला नाही.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा आम्ही कुठल्या ना कुठल्या बागेत जातो. एकदा कडवंचीला गेलो. १९९६ च्या सुमारास तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने बांधबंदिस्ती व माथा ते पायथा पाणी अडवण्याचे काम झाले. त्या कामामागे विजयअण्णा बोराडे यांची दृष्टी होती. एके काळी कोरडवाहू असलेल्या त्या गावाची ओळख आज द्राक्षबागा आणि शेततळी अशी आहे. मांडवाखाली सावली गार होती. दादांनी घड हातात घेऊन पाहिला, चार मणी खाल्ले आणि मला हळूच म्हणाले, "हे वेलाचं काम आपल्याला कळत नाही. चल." मी तेथील शेततळ्यांकडे पाहत होतो. आमच्या शिवारात १९९६ मध्ये कोणी असे पाणी अडवले असते तर, हा विचार मनात येऊन गेला. झाडे तोडण्याचा निर्णय एका एप्रिलमध्ये घेतला गेला. पण त्याची कारणे कित्येक पावसाळे साचत आली होती. हे समजल्याने अपराधाची टोचणी गेली नाही. तिचा आकार मात्र थोडा खरा झाला.

मागच्या मार्चमध्ये घडलेला प्रसंग सांगतो. त्याच शेतकऱ्याच्या बागेच्या एका कोपऱ्यातील सात-आठ झाडे मर लागून वाळली होती. त्याने ती काढून टाकली होती आणि जमिनीत बुंधे तेवढे उरले होते. दादा त्या बुंध्यांपाशी थांबले. मी त्यांना पुढे नेऊ पाहत होतो. छातीत धडधडत होते. ते काठीवर भार देऊन सावकाश वाकले, एका बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वेळेवर काढलं. तहानेनं ठेवण्यापरीस बरं."

ती झाडे तहानेने गेली नव्हती, रोगाने गेली होती. दादा कोणत्या झाडांविषयी बोलत होते, कोणाशी बोलत होते, हे मला कळले नाही. मी विचारलेही नाही. विचारले असते तर ते पुन्हा ओशाळले असते. मी फक्त त्यांच्या शेजारी खाली बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ऊन झालं. चल घरी," आणि उठताना आधारासाठी त्यांनी माझा हात धरला.

या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे 'दादा' किंवा 'बाई' असतील. काही वाचक स्वतःच उतारवयात असतील. त्यांच्या उपयोगासाठी, आमच्या चुकांतून शिकलेल्या काही गोष्टी लिहितो.

विसराळूपणा दिसू लागला की 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, काही औषधे यांमुळेही स्मरण मंदावते, आणि त्यांवर उपाय असतात. म्हणून तपासणी आधी. भ्रम एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर तो बहुधा आजाराचा नेहमीचा प्रवास नसतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

बागेत जायचे ते सकाळी, ऊन तापण्यापूर्वी. आमच्या मराठवाड्यात मार्चनंतर नऊच्या आत परतणे शहाणपणाचे. म्हातारपणी तहान लागल्याचे नीट कळत नाही. तेव्हा मागितल्याशिवायही मधूनमधून दोन-दोन घोट पाणी द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर मात्र तेच पाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी बाकावरून एकदम उठू नये. पाय हलवून, क्षणभर थांबून उठावे. खिशात नाव व घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

दुसऱ्याच्या मळ्यात जाताना आधी विचारावे. नुकतीच औषधफवारणी झाली असेल तर तो दिवस टाळावा. ठिबकच्या नळ्या आणि झाडांची आळी यांत पाय अडकतो, म्हणून गाडीवाटेनेच चालावे. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. तिकडे फिरकूच नये. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, त्यांना डिवचू नये. मालकाने प्रेमाने मोसंबी दिली तर मधुमेह असणाऱ्यांनी रस काढण्याऐवजी फोडी खाव्यात. चोथा पोटात जातो आणि साखर हळू चढते. गिळण्यास त्रास असेल तर बिया व वरची साल काढून लहान तुकडे द्यावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि सांभाळ करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या संध्याकाळी मी ओरडलो, याची लाज मला आजही वाटते. पण थकलेला माणूसच ओरडतो. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी माझा मुलगा आजोबांजवळ बसतो आणि मी व पत्नी बाहेर पडतो. आपला थकवा घरातल्यांना सांगणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही अंगणात मोसंबीचे एक कलम लावले. दादांनी त्याला सकाळ-संध्याकाळ आणि मध्येही इतके पाणी घातले की मुळे सडून ते गेले. मोसंबीला पाणी साचलेले सोसत नाही, हे ज्यांनी गावाला शिकवले त्यांच्याच हातून असे झाले. मी कलम गुपचूप उपटून टाकले. पण या वेळी त्यांच्यापासून काही लपवले नाही. "दादा, जास्त पाण्यानं गेलं," एवढे सांगितले. ते म्हणाले, "होतं असं. दुसरं लाव." आता त्या जागी कर्दळ आहे. तिला कितीही पाणी चालते.

साडेपाच वाजले आहेत. दादा उठले. मी झारी भरून त्यांच्या हाती देतो. अजून ते तोच प्रश्न विचारतात, आणि मला उत्तर देता येते, "नाही, दादा. तुमचीच वाट पाहत होतो."